भाषा-समीकरणांनी कोड तपासणं: छाटणीपासून माल उतरेपर्यंत वापरून काय वाटलं

तासगाव भागातल्या द्राक्षबागांत पानाचा ओलावा आणि तापमान मोजणारे छोटे सेन्सर आम्ही ऑक्टोबर छाटणीला बसवले. बॅटरी टिकावी म्हणून मेसेज जितका आखूड तितका बरा, त्यामुळं ‘काही बदल नाही’ हा सारखा येणारा मेसेज एका बिटात आणि बाकीचे लांब. पण प्रत्येक मेसेजासाठी ठरवलेले असे बिटांचे शब्द (सगळे मिळून कोड) एकामागं एक चिकटले की मधी जागा सुटत नाही, मग वाचताना एकच अर्थ निघेल याची खात्री कशी करायची? त्यासाठी भाषांची समीकरणं मांडून कोड तपासायची ही पद्धत धरली. इथं भाषा म्हणजे बिटांच्या ओळींचा संच, एवढंच.

बरेच जण क्राफ्टची बेरीज करून मोकळे होतात: एका बिटाच्या शब्दाला १/२, दोन बिटांच्याला १/४ असं धरत जायचं, बेरीज १ च्या वर गेली नाही की पास. आता ०, ०१, १० हा कोड घ्या, १/२ + १/४ + १/४ बरोबर १, बेरीज पास. पण ०१० आलं तर ० नि १० वाचायचं का ०१ नि ०? ती बेरीज फक्त लांब्या बघते ओ, तुमचे शब्द बघतच नाही.

सार्डिनास-पॅटरसनची १९५३ ची रीत मात्र शब्दांनाच हात घालते. एका शब्दाच्या सुरुवातीचा दुसरा शब्द काढायचा, उरेल ते शेपूट, मग शेपटं आणि शब्द पुन्हा एकमेकांतनं काढत राहायचं, आणि कधीही रिकामी ओळ उरली की कोड बाद. वरच्यात ०१ मधनं ० गेला, उरलं १. १० मधनं ते १ गेलं, उरला ०. तो तर कोडातच आहे, म्हणजे शिल्लक रिकामी, संपला विषय. शेपटं शेवटी शब्दांचीच असतात, त्यामुळं हे कुठंतरी थांबतंच. पायथॉनमध्ये लई मोठा प्रोग्रॅम लागत नाही.

पण पास झालेला प्रत्येक कोड कामाचा असतो असं नाही. ०, ०१, ११ पास होतो, तरी ० नंतर १ ची रांग लागली की पहिला शब्द ० का ०१ हे रांग संपून १ सम का विषम हे कळेपर्यंत ठरत नाही. रेडिओवर ताटकळत कोण बसणार? तेच शब्द उलटे लिहा, ०, १०, ११, लांब्या त्याच आणि प्रत्येक शब्द संपल्या संपल्या कळतो. हाच ठेवला.

मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे अट समीकरणात लिहिता येते. कोडाच्या शब्दापुढं काहीतरी जोडून जी भाषा होते तिचा कोडाशी छेद रिकामा, म्हणजे दोन्हींत सामाईक शब्द एकही नाही, झाला प्रीफिक्स कोड, ज्यात कुठलाच शब्द दुसऱ्याची सुरुवात नसतो. जोडण्याऐवजी एक बिट उलटवणारं मशीन लावा, तेच समीकरण चूक पकडण्याची अट होतं. फक्त ती सुट्या शब्दांवर न लावता अख्ख्या मेसेजांच्या भाषेवर लावा. क म्हणजे कोड आणि म म्हणजे मेसेजांची भाषा धरली तर ती मिळते म = क·म + रिकामी ओळ यातनं (· म्हणजे एकापुढं एक जोडणं, + म्हणजे दोन्ही एकत्र), आर्डेनच्या नियमानं उत्तर एकच, क*, म्हणजे कोडाचे शब्द कितीही वेळा जोडून होणाऱ्या सगळ्या ओळी. आमचा कोड इथं सपशेल नापास, १० चं एक बिट फिरलं की ११. म्हणून पॅकेटच्या शेवटी सीआरसी, म्हणजे चूक पकडायचे जादा बिट, आहेतच.

नादाला लागू नका असं एकच सांगेन, अज्ञात भाषा एकीकडं आधी नि दुसरीकडं नंतर जोडलेली असते ती समीकरणं. क्ष·ल = ल·क्ष, ल दिलेली भाषा आणि क्ष शोधायची, दिसायला किती साधं! गणितज्ञ कॉनवेनं १९७१ मध्ये विचारलेला प्रश्न, आणि कुंक या गणितज्ञानं दाखवलं की ल मर्यादित असला तरी सगळ्यात मोठं उत्तर कधीकधी कुठलाच प्रोग्रॅम यादी करून देऊ शकत नाही. ल स्वतः मर्यादित कोड असेल तर मात्र उत्तर सुटसुटीत येतं, पण बागेच्या कामाला त्याची गरज पडली नाही.

मेसेज सात-आठच असतील तर सरळ हफमन (सारख्या येणाऱ्या मेसेजाला आखूड शब्द देणारी रीत) वापरा, तो प्रीफिक्सच देतो, तपासायचंच काही नाही. हातानं कोड बनवत असाल किंवा आधीच्या माणसानं बनवलेला गळ्यात पडला असेल, तर ही पद्धत घ्याच.