बदाम सत्ती आता पूर्वीसारखी खेळता येत नाही

‘ॲलिस इन बॉर्डरलँड’ या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, नऊ खंडांचा इंग्रजी संच जूनमध्ये मागवला. सात हजारांच्या वर पैसे गेले. खोकं उघडलं तर पाचवा खंड दोनदा आणि सहावा गायब. मग सुरू झालं: खोक्याचा फोटो पाठवा, बिलाचा फोटो पाठवा, पुस्तकाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. सहावा हातात पडायला साडेपाच आठवडे लागले. त्या रागात लिहिलं असतं तर एक ताराही दिला नसता. पण त्या साडेपाच आठवड्यांत पहिले पाच खंड मी पुन्हा वाचले, आणि माझं मत तिथेच बदललं.

त्यावरची नेटफ्लिक्स मालिका बहुतेकांनी पाहिलेली आहे, त्यामुळे कथा सांगत बसत नाही. हारो आसोंचा मूळ मंगा 2010 ते 2016 या काळात आला. जपानीत 18 खंड, इंग्रजीत दोन-दोन एकत्र बांधून 9. रिकामं टोकियो, खेळ जिंकला तर व्हिसाचे, म्हणजे तिथे जगण्याच्या परवान्याचे, दिवस वाढतात, दिवस संपले की आकाशातून जीवघेणा लेझर. प्रत्येक खेळाला पत्त्याचं पान: इस्पिक अंगमेहनतीचं, चौकट डोक्याचं, किलवर एकजुटीचं, बदाम विश्वासघाताचं. आकडा जितका मोठा तितका खेळ अवघड.

पहिल्या वाचनात इस्पिकचे खेळ मला कंटाळवाणे वाटले आणि अजूनही वाटतात. धावणं, बंदुका, स्फोट, पानंच्या पानं. चित्रं सुबक आहेत, पण मारामारीत कोण कुठे आहे ते कळायला मागे जावं लागतं. मुलींचे कपडे आणि चित्रांचे कोन पाहून बहिणीने दुसरा खंड मिटून ठेवला होता, आणि तिचं बरोबर होतं. लेखकाला त्याची काहीच गरज नव्हती.

बदाम सत्तीची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे हा डाव प्रत्येक घरात, प्रत्येक लग्नघरात मांडला जातो. इथे त्याच पानावर चार जण अडकतात, त्यातले तीन जिवलग मित्र. एक लांडगा, बाकी मेंढरं. लांडग्याची नजर ज्याच्यावर पडेल तो नवा लांडगा, आणि वेळ संपेल तेव्हा जो लांडगा असेल तोच जगणार. म्हणजे आधी सगळे नजरेत यायला धडपडतात, आणि मग लपायला. ही उलथापालथ वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. कथा नुकती सुरू झालेली असताना लेखक एवढी मोठी किंमत वसूल करतो, त्यामुळे पुढे कुणाच्याही जिवाची खात्री उरत नाही. या मंगाची खरी ताकद ती.

दुसऱ्या वाचनात उमगलं, ते कथानायक अरिसू ज्यात नाही अशा खेळांचं मोल. पहिल्यांदा मी ते भराभर उलटले होते, मुख्य कथा कधी पुढे सरकते म्हणून. बदामचा गुलाम हा त्यातला सर्वांत उत्तम. तुरुंग, गळ्यात पट्टा, पट्ट्याच्या मागे एक चिन्ह. स्वतःचं चिन्ह स्वतःला दिसत नाही. दर तासाला ते बदलतं आणि कोठडीत एकट्याने जाऊन ते बिनचूक सांगायचं. दुसऱ्याने खोटं सांगितलं की मेलात. हाणामारीची गरजच नाही, फक्त ‘तुझं किलवर’ हे दोन शब्द.

आणि चौकटचा राजा. पाच जण, प्रत्येकाने 0 ते 100 मधला आकडा निवडायचा. सगळ्यांची सरासरी काढून तिला 0.8 ने गुणायचं. जवळचा आकडा जिंकतो, बाकीच्यांचा एकेक गुण जातो. उणे दहा झाले की डोक्यावर आम्ल. सगळ्यांनी 100 म्हटलं तरी उत्तर 80, म्हणून त्याच्या वरचं बोलण्यात अर्थ नाही. मग 64, मग 51, असं उतरत उतरत शून्याकडे.

हा खेळ आम्ही गणपतीत घरी खेळलो, गुणांच्या जागी शेंगदाणे ठेवून. पहिल्या डावात मी 40, बहिणीने 33, मामाने 64, आईने 21, आजीने 7. सरासरी 33, उत्तर 26.4, आई जिंकली. पुढे सगळे शहाणे होऊन खाली सरकले. तिसऱ्या डावात मी 10, बहीण 8, मामा 9, आई 5, आणि आजी पुन्हा 7. उत्तर 6.24. आजी जिंकली. तिने आकडा बदललाच नव्हता. ‘माझं सातच,’ एवढंच तिचं म्हणणं.

तेव्हापासून माझी एकच तक्रार आहे आणि ती मला सोडत नाही. चौकटच्या राजाच्या त्या टेबलाशी बसलेले सगळे कमी-अधिक हुशारच आहेत. सगळे एकाच शिडीने खाली उतरतात आणि कोण एक पायरी पुढे गेला एवढाच प्रश्न उरतो. हट्टाने सातवर बसणारं माणूस तिथे नाही. असतं, तर त्या टेबलाशी खेळणाऱ्या चिशियासारख्या थंड डोक्याच्या माणसालाही घाम फुटला असता. लेखकाला हे सुचलं नसेल असं वाटत नाही, पण त्याने ते मांडलं नाही, आणि इतक्या सुंदर रचलेल्या खेळात ती जागा मला रिकामी दिसते. शेवटच्या फेरीत चिशिया स्वतःचा आकडा उघड करतो, तेव्हा गणित संपून माणूस सुरू होतो. ती पानं इतकी चांगली आहेत की आधीची उणीव अधिकच खुपते.

मालिका पाहिली असेल तरी मंगा घ्यावा का? घ्यावा. पहिलाच खेळ वेगळा आहे: देवळात भविष्याच्या चिठ्ठ्या, उत्तर चुकलं की जळते बाण. पैसे जपून वापरायचे असतील तर पहिला खंड घ्या, बदाम सत्तीने हात थांबला तरच पुढचे मागवा. आणि खोकं दारातच उघडून खंड मोजा, निरोप्या जायच्या आत.

जादा आलेला पाचवा खंड दुकानाने परत मागितलाच नाही. तो आता मामाकडे आहे, आणि मामा रोज फोन करून विचारतोय, पहिले चार कधी देतेस.