जहाजाच्या डेकवरचं पिकलबॉल : सात महिन्यांच्या वापरानंतर

पिकलबॉल म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटने आणि भोकांच्या प्लॅस्टिक चेंडूने खेळायचा, टेनिससारखा खेळ. तो मी क्रूझ जहाजांवर खेळलो, नोव्हेंबर ते मे. आधी फ्लोरिडाहून सुटणाऱ्या कॅरिबियन फेऱ्या, शेवटी सिएटलहून अलास्का. या काळात कोणतं सामान टिकलं, कोणत्या सवयी उपयोगी पडल्या, त्याचा हा हिशोब. निकाल आधीच सांगतो : खेळायची जागा म्हणून जहाजाला दहापैकी पाच गुण, ओळखी व्हायची जागा म्हणून नऊ. खेळ सुधारायचा असेल तर तेवढ्या पैशांत जमिनीवर चांगला कोच मिळेल.

कोर्ट ४४ बाय २० फुटांचंच असतं, पण भोवतीच्या मोकळ्या जागेसकट किमान ६० बाय ३० फूट लागतात आणि जहाजावर कात्री लागते ती नेमकी या मोकळ्या जागेला. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, मागे चार पावलांवर जाळी, नाहीतर बास्केटबॉलचा खांब. त्यामुळे डोक्यावरून गेलेल्या लॉबमागे, म्हणजे उंच टोलवलेल्या चेंडूमागे, उलट्या पावलांनी धावू नका. वळून पळा, नाहीतर समोरच्याला गुण देऊन टाका. एकाच जमिनीवर तीन खेळांच्या रेषा असतात, तेव्हा पहिल्या सर्व्हिसआधी ‘आपला रंग कोणता’ हे चौघांनी ठरवून घ्यावं. अर्धे वाद तिथेच मिटतात. नेट बहुधा चाकांवरचं असतं आणि मधोमध लोंबतं. कडेला ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच हवं. टेप नसली तरी अडत नाही : १६ इंची दोन पॅडल एकावर एक उभी धरा, वर तीन बोटं ठेवा, झाले ३४.

आता वारा. नव्या माणसाला वाटतं समुद्रावर वारा असणारच, त्यात काय. पण डेकवरचा निम्मा वारा जहाज स्वतः तयार करतं. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चालत असेल आणि समोरून १५ नॉटचा वारा असेल, तर कोर्टवर ३५ नॉट, ताशी ६५ किलोमीटर. चेंडूचं वजन जेमतेम २२ ते २६ ग्रॅम. तो काय तग धरणार! उलट तेवढाच वारा मागून असेल तर डेकवर उरते जेमतेम ५ नॉटची झुळूक. ओळखायची खूण धुराड्यात : धूर सरळ वर जात असेल तर पॅडल घेऊन पळत सुटा, आडवा पडून मागे जात असेल तर आधी नाश्ता करा. बंदरात जहाज उभं असतं, जत्रा गावात गेलेली असते, आणि कोर्ट रिकामं असतं. सर्वांत चांगला खेळ तेव्हाच होतो.

वाऱ्यात खेळायचंच असेल तर लॉब विसरा. वारा तोंडावर असताना सर्व्हिस नेहमीपेक्षा जोरात आणि कमी उंचीवरून जाणारी ठेवा. पाठीवर असताना बेसलाइनच्या दोन-तीन फूट आत नेम धरा, उरलेलं अंतर वारा नेतो. आडव्या वाऱ्यात कडेच्या रेषेवर नेम धरूच नये. ११ गुणांचा गेम असेल तर कोणाचेही ६ झाले की बाजू बदलायची, हे आधीच ठरवा. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम श्रेणीच्या जहाजांवर सीप्लेक्स नावाचं बंदिस्त क्रीडागृह आहे, तिथे ही भानगड नाही. पण त्याच जमिनीवर बंपर कारही चालतात, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच जावं लागतं.

चेंडू ४० भोकांचे, म्हणजे मैदानी, न्यावेत. २६ भोकांचा इनडोअर चेंडू मऊ असतो आणि वाऱ्यात फुग्यासारखा भरकटतो. कॅरिबियन उन्हात चेंडू नरम पडून हळूहळू अंडाकृती होतात : टेबलावर फिरवून पाहा, डगमगला की बाद. अलास्कात उलट तक्रार, थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन शिवणीवर तडा जातो. तिथे खिशात एक चेंडू गरम ठेवून आलटून पालटून वापरणं हा उपाय चालला. आठवड्याला माणशी तीन चेंडू पुरतात. फुटलेला चेंडू डेकच्या कचरापेटीतच टाका. समुद्रात कोणतंही प्लॅस्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

जहाजावर मिळणारी पॅडल बहुतेकदा झिजलेल्या मुठीची असतात, लाकडी असली तर जडही, आणि दोन दिवसांत कोपर बोलू लागतं. स्वतःचं न्यावं, १६ मिलिमीटर गाभ्याचं, २२० ते २३० ग्रॅमचं. जाड गाभा चेंडू उडवत नाही, वाऱ्यात तेच हवं. खाऱ्या हवेने मूठ चिकट होते, म्हणून दोन जादा ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायच्या पट्ट्या) बरोबर असू द्या. कार्बनच्या खरखरीत पृष्ठभागावर मिठाचा थर बसला की फिरकी कमी होते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने रोज पुसा. धावण्याचे बूट इथे चालत नाहीत, त्यांचा उंच तळवा कडेला झुकताना घोटा मुरगळवतो. सपाट, डाग न पाडणारे कोर्ट शूजच हवेत. सकाळी दवाने किंवा तुषारांनी डेक ओला असेल तर अर्धा तास थांबा.

विमानात पॅडल चेक-इन बॅगेत घालावं. बंदरावर मात्र ते आणि बूट हातातल्या पिशवीत काढून घ्या, कारण तिथे दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते आणि पहिल्याच दुपारी कोर्टवर गर्दी नसते.

माणसांचं म्हणाल तर सगळी किमया रांगेची आहे. समुद्रातल्या दिवशी ओपन प्ले, म्हणजे येईल त्याला खेळता येईल असा खेळ, असतो. आपलं पॅडल कठड्यापाशी रांगेत लावायचं, चार-चारच्या गटाने नंबर येतो. चारही जण बाहेर, नवे चार आत, ही पद्धत असेल तर दोन तासांत पंधरा-वीस माणसांशी खेळणं होतं. ‘जिंकले ते टिकले’ पद्धत असेल तर चार पटाईत मंडळी कोर्ट अडवून बसतात आणि बाकीचे उन्हात उभे. संयोजकाला पहिल्याच दिवशी, हसत, पद्धत बदलायला सांगा. बहुतेक जण ऐकतात. पॅडलवर पांढरी टेप लावून ठळक अक्षरांत नाव लिहा. रांग ओळखायला ती सोय, आणि नाव विचारायचा संकोचही जातो.

अमेरिकेत मुलांकडे आलेले आपले काका-काकू या रांगेत हमखास भेटतात. ज्यांचा हात बॅडमिंटनवर बसलाय त्यांना कमरेखालची सर्व्हिस लगेच जमते, पण दोन चुका ठरलेल्या. सर्व्हिस आणि तिचा परतावा दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे, हे ते विसरतात. आणि नेटजवळच्या सात फुटांत, म्हणजे ‘किचन’मध्ये, उभं राहून हवेतला चेंडू ठोकतात. ‘काकू, किचनमधून बाहेर या’ हे वाक्य ऐकून आख्खी रांग हसते, आणि त्या हशावरच संध्याकाळच्या जेवणाचं टेबल ठरतं. नवख्यांना गुण पुकारायला आधी शिकवा : आपले, त्यांचे, सर्व्हर कितवा (जोडीतला पहिला की दुसरा). सुरुवात ‘शून्य-शून्य-दोन’.

मैत्री पुढे न्यायची तर इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. समुद्रात वाय-फायचे बहुधा वेगळे पैसे पडतात, सगळे घेत नाहीत. केबिन नंबर आणि उद्याची वेळ कागदावर लिहून द्या. फोन नंबर शेवटच्या समुद्रातल्या दिवसाआधीच घ्या, कारण त्या संध्याकाळी सगळे सामान बांधण्यात असतात. आणि हो, त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात : घामेजलेले बूट त्यात कोंबण्याआधी आत वर्तमानपत्राचे बोळे घाला.