डोंगरवाटेचे बूट आणि कार्यालयातील अनुभवांची नोंदवही : एका अंतर्गत सेवेचे परीक्षण

आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनीच कर्मचाऱ्यांसाठी चालवलेली एक सामायिक नोंदवही आहे. संगणकावर सर्वांना उघडता येणारी ही नोंदवही आणि तिच्या जोडीला महिन्यातून एकदा दुपारच्या सुट्टीत होणारी बैठक, एवढाच या सेवेचा पसारा आहे. कामाच्या अनेक विषयांवर तीत नोंदी आहेत. पण सर्वांत भरीव आणि सर्वाधिक वाचला जाणारा भाग डोंगरात चालण्याच्या बुटांचा आहे, कारण कार्यालयात डोंगर चढणाऱ्यांचा एक गट आहे आणि त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न बुटांचाच असतो. या भागाचा मी बराच काळ उपयोग करत आले आहे. एखाद्या संस्थेत माणसांजवळ असलेले ज्ञान एकमेकांपर्यंत कसे पोहोचावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही, म्हणून त्याचे गुणदोष येथे सविस्तर मांडते.

नोंदीचा नमुना ठरलेला आहे आणि या सेवेचे निम्मे यश त्या नमुन्यात आहे. लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या पावलाचे वर्णन करायचे: चवडा रुंद की अरुंद, टाच बारीक आहे का, पावलाची कमान उंच की सपाट. मग पाठीवर साधारण किती ओझे होते, वाट मातीची, कातळाची की घसाऱ्याची होती, पाऊस होता का, आणि बूट किती काळ वापरला, हे लिहायचे. बुटाचे नाव सर्वांत शेवटी येते. ‘हा बूट उत्तम आहे’ एवढेच वाक्य असलेली नोंद संयोजक परत पाठवतात आणि लेखकाला उरलेले रकाने भरण्याची विनंती करतात. मला हा कडकपणा अत्यंत योग्य वाटतो. रुंद चवड्याच्या माणसाला नकोसा झालेला बूट अरुंद पावलाच्या माणसाला वर्षानुवर्षे सुखाने साथ देतो, त्यामुळे पाऊल आणि वाट ठाऊक नसताना केलेली स्तुती किंवा निंदा वाचणाऱ्याच्या काहीच कामाची नसते. याखेरीज प्रत्येक विधानापुढे ‘स्वतः पाहिलेले’ किंवा ‘ऐकलेले’ अशी खूण करावी लागते. ही खूण सुरू झाल्यावर ऐकीव माहितीचे प्रमाण लक्षणीय घटले, कारण आपण सांगतो त्यातले किती आपण खरोखर अनुभवले आहे, हे लिहितानाच माणसाच्या ध्यानात येऊ लागले.

मापाविषयीचा विभाग या नोंदवहीतला सर्वांत मोलाचा आहे. बुटावरचा क्रमांक कंपनीगणिक का बदलतो, हे तेथे ज्या शांतपणे समजावून सांगितले आहे, तसे मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितलेले नाही. युरोपीय पद्धतीत एक क्रमांक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर, इंग्रजी पद्धतीत एक क्रमांक म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. या दोन पट्ट्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, आणि त्यातच प्रत्येक कंपनीचे कलबूत, म्हणजे ज्या साच्यावर बूट घडवतात तो साचा, वेगळे असते, त्यामुळे एका कंपनीचा ४२ आणि दुसरीचा ४२ यांत बोटाला जाणवेल एवढा फरक पडतो. म्हणून नोंदवही सांगते की आपले पाऊल मिलिमीटरमध्ये मोजून ठेवावे, तेही दिवस मावळताना, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल थोडे सुजते आणि डोंगरात ते त्याहून अधिक सुजते. दोन्ही पावले मोजावीत आणि मोठ्या पावलाप्रमाणे बूट घ्यावा, हेही तेथे आहे.

याच विभागात एका सहकाऱ्याने लिहिलेली बारीक गोष्ट मला विशेष आवडली. पावलाची लांबी म्हणजे केवळ टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचे अंतर नव्हे. टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतरही तितकेच महत्त्वाचे असते, कारण बूट वाकतो ती जागा आणि पाऊल वाकते ती जागा एक असावी लागते. १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी तयार केलेले धातूचे मापयंत्र, जे आजही अनेक ठिकाणी दिसते, ही दोन्ही अंतरे आणि रुंदी अशी तीन मापे घेते. बहुतेक ग्राहक त्यातले एकच माप विचारतात. सारख्याच लांबीच्या पावलांची दोन माणसे एकच बूट घालून पाहतात, तेव्हा एकाचा चवडा दुखतो आणि दुसऱ्याचा दुखत नाही, याचा उलगडा बहुधा या दुर्लक्षित अंतरात असतो.

लिहून सांगता येत नाही असे जे उरते, त्यासाठी मासिक बैठक आहे. बूट घालून, नाडी न बांधता, पाऊल पुढे सरकवावे आणि टाचेमागे एक बोट जाते का ते पाहावे, हे वाचून समजते. पण टाच किती उचलली जाणे चालते आणि कितीनंतर फोड येतो, हे अनुभवी माणूस शेजारी उभा राहून दाखवतो तेव्हाच कळते. बैठकीत एक तिरकी फळी ठेवलेली असते. तिच्यावरून उतरताना बोटे पुढच्या कडेवर आपटली, तर लांब उतारावर नखे काळी पडणार हे निश्चित असते. बुटातला आतला तळ काढून त्यावर उभे राहायचे आणि पाऊल त्याच्या कडेबाहेर किती येते ते पाहायचे, ही रुंदीची सोपी परीक्षाही तेथेच दाखवली जाते. नाडी बांधण्याच्या पद्धतीचा फरक तर हातात घेतल्याशिवाय पटत नाही: घोट्याच्या वळणाशी दुहेरी पीळ देऊन नाडी अडकवली, की खालचा भाग सैल ठेवूनही टाच जागच्या जागी बसते. ज्या सहकाऱ्यांनी सैल टाचेमुळे बूट बदलायचे ठरवले होते, त्यांपैकी काहींचे काम या एका पिळाने भागले.

पाणी अडवणाऱ्या पापुद्र्याच्या बुटांवरची चर्चा हा या सेवेचा खरा कस होता आणि तो तिने उत्तम रीतीने पार केला. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांना पीटीएफई हे प्लास्टिक झटक्यात ताणले असता त्यात अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी तयार होते, असे आढळले. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. याच तत्त्वावरचे अनेक पापुद्रे आज बुटांत बसवलेले असतात. नोंदवहीत या बुटांच्या बाजूने लिहिणारे आणि कडाडून विरोध करणारे असे दोन तट पडले होते. संयोजकांनी निवाडा न देता दोन्ही बाजूंच्या लेखकांना एकच प्रश्न विचारला: तुम्ही कोणत्या हवेत चाललात? उत्तरे आल्यावर वाद आपोआप विरघळला. वाफ बाहेर पडण्यासाठी बुटाच्या आत बाहेरच्यापेक्षा अधिक उष्णता आणि दमटपणा असावा लागतो. थंड आणि कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो, म्हणून तेथे चालणाऱ्यांचे पाय कोरडे राहिले होते. उष्ण आणि दमट हवेत तो जवळजवळ उरतच नाही, म्हणून तेथे चालणाऱ्यांचे मोजे घामानेच भिजले होते. शिवाय ओढा ओलांडताना पाणी वरून, घोट्याकडून आत शिरले, तर तोच पापुद्रा ते धरून ठेवतो आणि बूट वाळायला फार वेळ लागतो. आता त्या पानावर दोन्ही मते आपापल्या अटींसह शेजारी शेजारी आहेत. कोणाचेही मत खोडले गेले नाही आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या हवेप्रमाणे निवड करता येते.

तळव्याविषयीच्या नोंदी त्या मानाने थोडक्या आहेत. १९३५ मध्ये आल्प्समधील दुर्घटनेत सहा सोबती गमावल्यानंतर विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळवा विकसित केला आणि १९३७ पासून तो ‘व्हिब्रम’ या नावाने ओळखला जाऊ लागला, एवढा इतिहास दिल्यानंतर नोंदवही नेमक्या मुद्द्यावर येते. माती आणि चिखल यांत खाचांची खोली उपयोगी पडते. ओल्या गुळगुळीत कातळावर मात्र रबराचा मऊपणा आणि दगडाला टेकणारे क्षेत्र हेच कामाला येते. मऊ रबर चांगले धरते आणि लवकर झिजते. दोन्ही एकत्र देणारा तळवा असल्याचा दावा कोणी केला, तर वाचकाने तो सावधपणे ऐकावा, असे तेथे लिहिले आहे, आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. उंच बुटाने घोटा मुरगळतच नाही, या समजालाही तेथे योग्य तो आळा घातला आहे: उंच बूट खडे आत येऊ देत नाही आणि ओझ्याखाली आधाराची जाणीव देतो, पण तो हमीपत्र नव्हे.

ही सेवा का चालते, याचा विचार करताना झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांची आठवण होते. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा अवघड बिघाड दुरुस्त करताना छापील पुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या प्रसंगांवर तंत्रज्ञांची भिस्त अधिक असल्याचे त्यांना दिसले. पुढे त्याच कंपनीत ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली, जिच्यात तंत्रज्ञाने पाठवलेली युक्ती सहकारी तपासून घेत आणि ती त्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध होई. आमच्या नोंदवहीतही नोंदीखाली नाव असते आणि त्याचा दुहेरी लाभ होतो. लिहिणारा जबाबदारीने लिहितो, आणि वाचणाऱ्याला शंका असेल तर कोणाच्या टेबलापाशी जायचे हे ठाऊक असते. माझ्या मते यातला दुसरा लाभ मोठा आहे, कारण नोंद वाचून संपल्यानंतरच खरे प्रश्न सुचतात.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव जुन्या नोंदींची आहे. कंपन्या बुटाचे नाव तेच ठेवून त्याचे कलबूत, तळवा किंवा तळव्यावरचा मऊ मधला थर बदलतात, आणि तीन-चार वर्षांपूर्वीची प्रशंसा आजच्या बुटाला लागू पडेलच असे नसते. नोंदीवर तारीख असते, पण जुनी नोंद वेगळी दाखवण्याची सोय नाही, त्यामुळे नवखा वाचक फसू शकतो. याच्याच जोडीची दुसरी गोष्ट अशी की बूट ठेवून देण्याविषयी नोंदवहीत जवळजवळ काहीच नाही. पॉलियुरेथेन या फेसाळ प्लास्टिकचा मधला थर न वापरताही हवेतील दमटपणाने हळूहळू विघटित होतो आणि बऱ्याच वर्षांनी कपाटातून काढलेला, वरून नवा दिसणारा बूट भर वाटेत तळव्यापासून सुटतो. ईव्हीए या फेसाचा थर असा भुगा होत नाही, पण तो दबून बसतो आणि पुन्हा उसळत नाही. सवलतीत मिळालेला जुन्या साठ्यातला बूट घेणाऱ्याला ही माहिती सर्वांत आधी हवी.

नोंदी कोण लिहिते, हाही प्रश्न आहे. बहुतेक नोंदी पुरुषांच्या आहेत, आणि बारीक टाच व त्या मानाने रुंद चवडा असलेल्या स्त्रियांना त्यांतून फारसे मार्गदर्शन मिळत नाही. आम्ही काही जणींनी अलीकडे लिहायला सुरुवात केली आहे, तरी हा भाग अजून तुटपुंजा आहे. मितभाषी सहकारी बैठकीत बोलत नाहीत आणि नंतर लिहीतही नाहीत. त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलून त्यांच्या नावाने नोंद करून घेण्याची सूचना मी संयोजकांना केली आहे. नाडी आणि टाच यांविषयीचे बरेचसे ज्ञान अजूनही लेखा विभागातल्या एकाच ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी आहे. ते निवृत्त होण्यापूर्वी त्यांच्यासोबत आणखी दोघांनी बैठकीत बूट तपासण्याचे काम करायला हवे, नुसते शेजारी उभे राहून पाहणे पुरेसे नाही.

विक्रेत्यांच्या सवलतींचे दुवे नोंदवहीत चालत नाहीत. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकदा का कोणाच्या विक्रीशी नोंदीचा संबंध आला, की लोक तिच्याकडे पाहण्याची पद्धत बदलते.

ओझे घेऊन एक ते तीन दिवसांच्या पायवाटांवर जाणाऱ्यांना ही सेवा मी निःसंकोचपणे सुचवेन, आणि दुसऱ्या कार्यालयांनी नोंदीचा नमुना जसाच्या तसा उचलावा असे म्हणेन. बर्फावर काटेरी पट्टे लावून चढण्यासाठी लागणाऱ्या कडक बुटांविषयी मात्र येथे अनुभव नाही, तेव्हा त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शकालाच विचारावे. मधुमेह असलेल्यांनी, किंवा टाचेत सतत दुखणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना पाऊल दाखवावे आणि मग बैठकीला यावे. संयोजक स्वतःही त्यांना हेच सांगतात.