पेलेट स्टोव्हसाठी कोणत्या पेलेट्स घ्याव्या: पाइन, ओक की मिश्र?

आमच्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने मार्चमध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये, नाशुआत घर घेतलं. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे आणि बैठकीच्या खोलीत आधीच्या मालकाने मागे ठेवलेला पेलेट स्टोव्ह. घरात सामान लागलं त्याच आठवड्यात फोन आला, "काकू, तुमच्याकडे इतकी वर्षं पेलेट स्टोव्ह आहे, आम्ही कोणत्या पेलेट्स घेऊ?" एका नावात उत्तर द्यावं असं मला वाटेना. दुकानात दहा तऱ्हेच्या पिशव्या असतात, प्रत्येकीवर 'प्रीमियम' लिहिलेलं असतं, आणि एकदा टनभर माल गराजमध्ये येऊन पडला की आवडो न आवडो, तो हिवाळाभर जाळावाच लागतो. म्हणून नीट बसून लिहिते आहे. माझा अनुभव दक्षिण न्यू हॅम्पशायरचा, पण मॅसॅच्युसेट्स, मेन, व्हर्मॉंटमध्ये राहणाऱ्यांनाही तो तसाच उपयोगी पडेल.

आधी पेलेट म्हणजे काय ते. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी भुशाची शेगडी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. वखारीतून भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली अलगद काढून घ्यायची. भुसा ओलसर असला की घरभर धूर. ठासणी कमी पडली की मधला बोगदा कोसळून शेगडी विझायची. पेलेट हा तोच भुसा. कारखान्यात तो वाळवतात, बारीक करतात आणि छिद्रांच्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने बाहेर काढतात. त्या उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि डिंकासारखं काम करतं. पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. शेगडीत ज्या दोन गोष्टी बघायच्या, ओल आणि ठासणी, त्याच इथेही बघायच्या. तिसरी फक्त राख.

पाइन हलकं, ओक भारी?

आपल्या मनात जळणाचा एक हिशेब पक्का बसलेला असतो. बाभळीचं लाकूड भारी, ते निखारा धरतं. हलकं लाकूड भुर्रकन जळून जातं. त्यामुळे इथे आल्यावर आपण ओक, मेपलच्या, म्हणजे हार्डवुडच्या पिशव्या उचलतो आणि पाइन, स्प्रूस, फर या सॉफ्टवुडला नाक मुरडतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. ओंडक्यांच्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे, पेलेट्सना तो लागू पडत नाही. साच्यातून निघाल्यावर पाइन काय नि ओक काय, दोन्ही जवळपास सारखेच घट्ट होतात. आणि आपण विकत घेतो वजनावर. पाउंडाला पाउंड धरलं तर सॉफ्टवुडमध्ये राळ आणि लिग्निन जास्त असल्याने उष्णता थोडी जास्तच मिळते: सॉफ्टवुडच्या एका पाउंडात साधारण ८,५०० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णता मोजायचं एकक) आसपास, हार्डवुडमध्ये ८,००० ते ८,३००.

"पाइनने धुराड्यात काजळी साचते ना?" हा दुसरा हमखास प्रश्न. ही भीती ओल्या ओंडक्यांवरून आली आहे. ओलं लाकूड कमी हवेत धुमसत राहिलं की डांबरासारखा थर साचतो. पेलेट वाळवलेली असते आणि स्टोव्हमधला पंखा तिला सतत हवा पुरवत असतो. धुराडं वर्षातून एकदा साफ करायचंच, पण पाइनमुळे त्यात वेगळा धोका येत नाही.

मग हार्डवुड घेऊच नये का? तसं नाही. आमच्या भागात हार्डवुड बऱ्याचदा स्वस्त मिळतं, आणि चांगल्या कारखान्याचं ओक वाईट कारखान्याच्या पाइनपेक्षा कितीतरी सरस. फरक पडतो तो मुख्यतः सालीने. भुशात साल जास्त आली की राख वाढते, आणि त्या राखेतले क्षार व वाळू वितळून बर्न पॉटच्या, म्हणजे पेलेट्स जळतात त्या भांड्याच्या, तळाशी काचेसारखी खडी बनते. तिला क्लिंकर म्हणतात. बर्न पॉटची भोकं तिने बुजली की ज्योत पिवळी, आळशी होते आणि काच काळी पडते. माझ्या स्टोव्हमध्ये हार्डवुडला रोज सकाळी पॉट खरवडावा लागायचा. स्प्रूसच्या पेलेट्सना तिसऱ्या दिवशी पुरतं.

मिश्र पेलेट्स आमच्याकडच्या दुकानांत भरपूर दिसतात, कारण इथल्या जंगलात दोन्ही झाडं आहेत आणि लाकूडकामाच्या कारखान्यांतून मिळेल तो भुसा वापरला जातो. किंमत आणि राख दोन्ही बाबतींत त्या मध्ये बसतात. मात्र मिश्रणाचं प्रमाण सहसा पिशवीवर छापलेलं नसतं, त्यामुळे एकाच नावाची पिशवी पुढच्या वर्षी निराळी वागू शकते. ब्रिटिश कोलंबियातून येणाऱ्या डग्लस फरचं नाव स्टोव्हवाल्यांत फार आदराने घेतलं जातं: राख थोडी, उष्णता भरपूर. पण अख्खा खंड ओलांडून येणाऱ्या मालाचं भाडं आपल्याच खिशातून जातं. मी कडाक्याच्या जानेवारीसाठी दहा-पंधरा पिशव्या वेगळ्या ठेवते. पूर्ण हिवाळा तेच जाळावं असं मला वाटत नाही.

पिशवीवर काय वाचायचं

'प्रीमियम', 'सुप्रीम', 'अल्ट्रा' हे शब्द नुसते मोठ्या अक्षरांत असले तर दुर्लक्ष करा. पिशवीच्या मागे पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट म्हणजे पीएफआयचा दर्जाचिन्हाचा चौकोन आहे का ते बघा. त्या चौकोनातल्या 'प्रीमियम'ला मात्र अर्थ आहे: राख १ टक्क्याच्या आत, ओलावा ८ टक्क्यांच्या आत, सुटा भुसा अर्ध्या टक्क्याच्या आत आणि दीड इंचाहून लांब कांड्या १ टक्क्याच्या आत. त्याखालच्या 'स्टँडर्ड' दर्जात राख २ टक्क्यांपर्यंत चालते. जर्मनी किंवा युरोपात इतरत्र राहणाऱ्यांनी १५ किलोच्या पिशवीवर एनप्लस ए१ हे तिथलं दर्जाचिन्ह शोधावं. तिथे राखेची मर्यादा ०.७ टक्के, म्हणजे आणखी कडक.

१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. इथली पिशवी ४० पाउंडांची, सुमारे १८ किलोंची. ५० पिशव्यांचा एक टन. आमच्यासारखं घर मुख्यतः स्टोव्हवर तापवलं तर हिवाळ्याला तीन टन सहज लागतात. १ टक्का राखेने तीन टनांतून ६० पाउंड राख निघते, ०.४ टक्क्याने २४. आणि दोन्ही पिशव्यांवर चिन्ह 'प्रीमियम'चंच असतं. चिन्ह सांगतं ते इतकंच, की माल अमुक मर्यादेच्या आत आहे. मर्यादेच्या आत कुठे आहे, ते आपल्याला घरीच बघावं लागतं.

लांबीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. हॉपरमधून, म्हणजे पेलेट्स भरायच्या टाकीतून, बर्न पॉटपर्यंत पेलेट्स नेणारा ऑगर हा एक फिरता मळसूत्री दांडा. लांब कांड्या त्याच्या तोंडाशी आडव्या पडल्या की पुरवठा तुटतो आणि विस्तव विझतो. उलट, खूप आखूड कांड्या दाटीने बसतात, त्यामुळे त्याच सेटिंगवर जास्त जळण पॉटमध्ये पडतं. पेलेट्स बदलल्यावर ज्योत एकाएकी उंच किंवा बुटकी दिसली तर स्टोव्ह बिघडला असं समजू नका. आधी जळणाचा आणि हवेचा पुरवठा थोडा कमी-जास्त करून बघा.

एका गोष्टीत घोटाळा करू नका. त्याच दुकानात घोड्यांच्या तबेल्यात अंथरायच्या आणि बार्बेक्यूच्या पेलेट्सही मिळतात. अंगणातल्या ग्रिलमध्ये स्टोव्हच्या पेलेट्स कधीही घालू नका. त्या अन्नासाठी बनवलेल्या नसतात.

पाच-पाच पिशव्यांची परीक्षा

टनाची मागणी देण्याआधी तीन वेगवेगळ्या प्रकारांच्या पाच-पाच पिशव्या आणा. स्टोव्ह पूर्ण साफ करा: बर्न पॉट, राखेचा ट्रे, काच, सगळं. मग एकाच प्रकारच्या पाचही पिशव्या एकाच सेटिंगवर जाळा, राख पूर्ण गार होऊ द्या, वजन करा, लिहून ठेवा. पुन्हा सफाई, पुढचा प्रकार. पाच पिशव्यांची १ टक्का राख म्हणजे ९०० ग्रॅम. काही धुराड्याबाहेर उडून जाते, त्यामुळे आकडा थोडा कमीच येईल. पण तिन्ही प्रकार एकाच तराजूत तोलले असल्याने तुलना खरी होते. एखादीच पिशवी जाळून मत बनवू नका, क्लिंकर कळायला दोन-तीन दिवस लागतात.

सुटा भुसा मोजायला गव्हाची चाळण पुरते. एक पिशवी चाळून खाली पडलेला भुसा तोला. अर्धा टक्का म्हणजे ९० ग्रॅम. वाहतुकीत पिशव्या आदळतात, म्हणून थोडा जास्त निघाला तर चालवून घ्या. दुप्पट-तिप्पट निघाला तर तो प्रकार सोडा. भुसा हॉपरच्या तळाशी साचतो आणि ऑगर अडकवतो. ठासणीची परीक्षा याहून सोपी आहे: कांडी हाताने मोडली की 'कट' असा आवाज यायला हवा. न आवाज करता चुरगळली तर ओल शिरली आहे.

ओलीबद्दल कळकळीने सांगते. एका जानेवारीत आमचा साठा संपला आणि दुकानाबाहेर बर्फात ठेवलेल्या पॅलेटवरच्या (पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी चौकट) पिशव्या घाईने आणल्या. काहींना बारीक भोकं पडलेली होती, मी बघितलंच नाही. ओल धरलेल्या पेलेट्स फुगून परत भुसा होतात, आणि तो भुसा ऑगरच्या नळीत सिमेंटसारखा बसला. बाहेर शून्याखाली वीस अंश असताना अख्खा हॉपर वाटीवाटीने रिकामा करून नळी खरवडावी लागली. तेव्हापासून दुकानातच प्रत्येक पिशवी उलटीपालटी करून बघते.

कुठून आणि कधी

मोठ्या दुकानातून सुट्या पिशव्या आणणं सोयीचं, पण फेब्रुवारीत तिथला ढीग संपलेला असू शकतो आणि जे उरलं असेल ते घ्यावं लागतं. स्टोव्ह विकणारे किंवा शेतीसामानाचे स्थानिक दुकानदार टनावर घरपोच देतात. मे ते ऑगस्टमध्ये मागणी दिली तर बहुधा भावही बरा मिळतो आणि हवा तो प्रकारही. घरपोच मागवताना विचारून घ्या, पॅलेट गराजच्या आत ठेवणार की रस्त्याच्या कडेला? पॅलेट ढकलायची गाडी खडीवर किंवा चढावर चालत नाही, आणि मग पन्नास पिशव्या हाताने वाहाव्या लागतात. टँकरने सुट्या पेलेट्स मिळतात, पण त्या मोठ्या कोठीच्या पेलेट बॉयलरसाठी. साध्या स्टोव्हवाल्यांना त्याची गरज नाही. ज्यांच्याकडे अशी कोठी आहे त्यांनी ती नीट हवा खेळवल्याशिवाय तिच्यात कधीही उतरू नये. साठलेल्या पेलेट्समधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि युरोपात त्याने माणसं दगावली आहेत.

भावाची तुलना पिशवीवर न करता उष्णतेवर करा. समजा एक पेलेट ३३० डॉलर टन आणि पाउंडाला ८,१०० बीटीयू, दुसरी ३६० डॉलर आणि ८,६०० बीटीयू. टन इथे २,००० पाउंडांचा. पहिलीत दहा लाख बीटीयूला सुमारे २०.४० डॉलर पडतात, दुसरीत २०.९०. म्हणजे दहा लाख बीटीयूमागे अर्ध्या डॉलरचा फरक. टनाला तीस डॉलरचा दिसणारा फरक उष्णतेच्या हिशेबात टनाला जेमतेम नऊ-दहा डॉलरचा उरतो. दुसरीची राख निम्मी असेल तर मी डोळे मिटून दुसरी घेईन.

आणि तेलाशी तुलना प्रामाणिकपणे करायची तर एक टन पेलेट्समध्ये साधारण १२० गॅलन तेलाइतकी उष्णता असते. स्टोव्ह आणि बॉयलरची कार्यक्षमता धरली तर ती ११० गॅलनच्या आसपास येते. तेल ३ डॉलर गॅलन असेल तर हा तेलाचा खर्च ३३० डॉलर होतो. त्या वर्षी ३६० डॉलरची पेलेट पैसे वाचवत नाही. तेल ४ डॉलरवर गेलं की भरपूर वाचवते. घरात नैसर्गिक वायूची लाइन असेल तर नुसत्या बचतीसाठी पेलेट्सच्या मागे लागू नका. आम्ही तरीही जाळतो, कारण बैठकीच्या खोलीत विस्तव असला की सगळे तिथेच येऊन बसतात.

त्या जोडप्याच्या गराजमध्ये दोन टन मावतील. बॉयलर हाताशी आहे, त्यामुळे पहिल्या हिवाळ्याला तेवढे पुरतील. पिशव्या सिमेंटच्या जमिनीवर थेट न ठेवता लाकडी पॅलेटवर रचायच्या, आणि गरम राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली आधी घ्यायची, हे सांगून झालं आहे. निखारे राखेत दिवसच्या दिवस जिवंत राहतात. एप्रिलच्या रात्री इथे अजून पुरेशा थंड आहेत. या शनिवारी आम्ही पंधरा पिशव्या आणायला जाणार आहोत: पाच स्प्रूस, पाच ओक, पाच मिश्र. त्यांची गाडी लहान आहे, दोन खेपा होतील. गव्हाची चाळण मी घेऊन येते म्हटलं आहे.