स्वतः सुकाणू धरावे की कप्तान घ्यावा?

सुट्टीसाठी कप्तानाशिवाय नुसती शिडाची नौका भाड्याने घेतली, तर मार्ग आणि मुक्काम सर्वस्वी आपल्या हाती राहतात. मात्र हवामानाचा अंदाज घेण्यापासून रात्री नांगर घसरत तर नाही ना, हे उठून पाहण्यापर्यंतची सारी जबाबदारीही आपलीच असते, आणि नुकसान झाल्यास अनामत रकमेला कात्री लागते. क्रोएशियात तर नौका चालवण्याच्या परवान्याबरोबर व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रात संपर्क साधण्याचा बिनतारी संच, वापरता येत असल्याचे प्रमाणपत्रही दाखवावे लागते. कप्तानासह नौका घेतल्यास त्याचा मेहनताना आणि जेवण यांखेरीज बहुधा एक केबिनही त्याला द्यावी लागते, त्यामुळे खासगीपणा थोडा कमी होतो. तरीही आडव्या वाऱ्यात, गजबजलेल्या धक्क्याला नौका मागच्या बाजूने लावण्याचा सराव नसेल, तर पहिल्या सफरीत हा खर्च वाचवू नये, असे माझे मत आहे. मग परवाना खिशात का असेना.