अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर नळीतून काय द्यावं: घरचं की पावडर?

मामांना पोटावरच्या नळीसह सुट्टी मिळाली. आता मामी विचारतात, घरचं पातळ करून देऊ की डब्यातली तयार पोषण-पावडर?

खर्चात घरचं कधीही परवडतं. सगळा आहार पावडरवर असेल तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम एक-दोन दिवस पुरतो.

पण खरी अडचण नळीची. ती जठरात नाही, लहान आतड्यात उघडते आणि बारीक असते. मुगाचं एक साल अडकलं तरी बंद. दोनदा गाळावं लागतं, आणि गाळताना चोथ्याबरोबर पोषणही जातं. उरतं ते बरंचसं पाणीच. पावडरमध्ये उष्मांक, प्रथिनं मोजून मिळतात. त्यात नागपूरचा मे महिना! घरचं मिश्रण बाहेर ठेवलं की लगेच आंबतं.

दोन्हीही थेंबथेंबच सोडा, पिचकारीनं जोरात ढकललं तर मुरडा आणि जुलाब. आधी-नंतर कोमट पाण्यानं नळी धुवा.

वजन फार उतरलंय, तोंडानं काहीच जात नाही, अशांना माझ्या मते पावडरच. तोंडानं खाणं सुरू झालंय, नळी फक्त जोडीला आहे, किंवा पैशांची ओढाताण आहे, तर आहारतज्ज्ञांकडून प्रमाण लिहून घेऊन थोडं घरचं चालेल.