हेल्पलाइनवरची मराठी मराठवाड्याच्या कानाला कशी लागते

बँक, गॅस, मोबाईल, पीकविमा, बहुतेक हेल्पलाइनवर आता बटण दाबून मराठी निवडता येते. शेतकऱ्यांसाठीचं किसान कॉल सेंटर तर २००४ पासून आहे. सोय मोठीच आहे. इथे मात्र तपासायचं आहे ते बोलणं: लातूर-परभणीकडच्या माणसाला या फोनवर मान मिळाल्यासारखं वाटतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि त्याला उद्धटपणा कारण नाही. 'कृपया', 'क्षमस्व', 'धन्यवाद' यांची रेलचेल असते. पण आपल्या बोलण्यात मान बसतो क्रियापदात आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'की', 'बरं', 'का' यांत. 'बसा की.' 'तेवढं बघता का जरा?' 'एक विचारायचं होतं.' काम आत्ताचं असलं तरी 'होतं' लावलं की विनंती मऊ होते. 'कृपया आपला खाते क्रमांक सांगा' हे वाक्य आज्ञाच राहतं. 'खाते नंबर सांगता का?' यात 'कृपया' नसूनही आर्जव आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा 'आपण' करतो. रोजच्या बोलण्यात आपण म्हणजे तुम्ही-मी मिळून. 'आपण हप्ता भरला का?' यात 'भरला' हे हप्त्याप्रमाणे चालतं, त्यामुळे भरणारा कोण ते वाक्यातून कळत नाही. म्हातारी माणसं इथेच अडतात आणि पलीकडून तेच वाक्य पुन्हा वाचलं जातं. 'तुम्ही हप्ता भरलात का?' म्हटलं तर प्रश्न सुटतो, मानही कमी होत नाही. 'मी आपली काय मदत करू शकते?' हे तर हिंदीवरून उचललेलं वाक्य, आणि 'थांबून घ्या' हेही कानाला परकं. 'बोला, काय काम होतं?' आणि 'जरा थांबता का?' यांनी तेच काम होतं.

हाक मारण्यात गोंधळ आहे. नुसतं 'विठ्ठल, आपली तक्रार नोंदवली आहे' हे साठीतल्या माणसाला टोचतंच. 'विठ्ठलराव' म्हणायला किती वेळ लागतो? आवाजावरून वय ताडून 'काका', 'आजी' म्हणणंही धोक्याचं. 'दादा' आणि 'ताई' सुरक्षित आहेत. आशाताई, अंगणवाडीताई यांच्यामुळे 'ताई' गावोगाव रुळलेलं आहे. 'वहिनी' नको, त्यात बाईची ओळख नवऱ्यावरून होते. 'सर', 'मॅडम' तरुणांना चालतात. क्लासच्या गावात, लातुरात, तर ते घरचेच शब्द झाले आहेत.

एका बाबतीत हेल्पलाइन आपल्या जुन्या रीतीपेक्षा सरस आहे, आणि ते मनापासून सांगायला हवं. 'कोणत्या गावचे? आडनाव काय? म्हणजे कुणापैकी?' ही चौकशी पूर्वी आपुलकीची मानली जायची, पण तिच्यातून जात काढली जायची. फोनवर नोंदणीचा मोबाईल नंबर आणि पूर्ण नाव विचारून थेट कामाला लागतात. हे खरं सौजन्य. 'मिस्टरांचं नाव?' हा प्रश्न मात्र अजून ऐकू येतो. विधवा, परित्यक्ता बाईला तो किती लागतो! 'खातं कुणाच्या नावावर आहे?' एवढं पुरतं.

नमस्कारात मात्र हेल्पलाइन कमी पडते. आपल्याकडे रामरामला रामराम, जय भीमला जय भीम, सलामला सलाम अशी परतफेड असते. समोरच्याने 'जय भीम' म्हटल्यावर कागदावरचं 'नमस्कार' वाचलं की पहिल्या वाक्यालाच अंतर पडतं. तेवढी मोकळीक कर्मचाऱ्यांना द्यायला हवी. 'पैसे कटायलेत, मेसेज येईना, काय करू?' हे न अडखळता समजणारे, पुन्हा सांगायला न लावणारे कर्मचारी भेटतात तेव्हा सेवा खरोखर उत्तम असते; ते उत्तर प्रमाण मराठीत देतात, तरी कुणाला खटकत नाही.

फोन संपवणं सगळ्यात कच्चं. दावा नामंजूर झाल्याचं सांगून लगेच 'आपला दिवस शुभ असो', आणि पाठोपाठ १ ते ५ गुण मागणारं यंत्र. वाईट बातमीनंतर हे वाक्य गाळायलाच हवं. 'अर्ज पुन्हा कुठे करायचा ते सांगू का?' असं विचारावं, उत्तर ऐकावं, मग 'ठेवू का?' म्हणावं आणि समोरच्याला आधी फोन ठेवू द्यावा.